केसरबाईंनी पत्रेवाला शोधला

केसरबाई शिवशरण यांनी आयुष्याची ऐन उमेदीची वर्षं एसटीत कंडक्टर म्हणून काढली. सोलापूर-अक्कलकोट, सोलापूर-मोहोळ, कधी पार वेळापूरपर्यंत. त्या नोकरीनं त्यांना दोन गोष्टी दिल्या. एक, खणखणीत आवाज; गल्लीच्या या टोकाला हाक मारली की त्या टोकाचा दूधवाला थांबायचा. दुसरी, माणूस तोंडावरून ओळखता येतो ही पक्की खात्री. "बिनतिकिटाचा माणूस गाडीत चढतानाच कळतो," असं त्या सांगायच्या. "त्याची नजर आधी माझ्या पिशवीकडं जाते, मग खिडकीकडं." रिटायर झाल्यावरही आवाज उपयोगी पडत होता. खात्रीचं मात्र गेल्या उन्हाळ्यात चांगलंच हसं झालं, आणि ती गोष्ट त्या आता स्वतःच रंगवून सांगतात.

कुमठा नाक्याच्या पलीकडे त्यांचं घर. खाली दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, वर गच्चीवर पत्र्याचं छप्पर असलेली एक लांबलचक खोली. ही वरची खोली म्हणजे अभ्यासिका. केसरबाईंचे यजमान लवकर गेले. मुलगी धम्मप्रिया शाळेत असताना आईची ड्यूटी संपेपर्यंत डेपोतल्या कंडक्टरांच्या विश्रांतीच्या खोलीत, गाड्यांच्या हॉर्नमध्ये बसून अभ्यास करायची. आता ती पुण्यात एका इस्पितळाच्या लॅबमध्ये नोकरीला आहे. पण ती खोली, तिथलं हलणारं टेबल केसरबाईंच्या मनातून गेलं नव्हतं. रिटायर होता होता त्यांनी बँकेकडून कर्ज काढलं आणि गच्चीवर खोली बांधली. वस्तीतल्या ज्या पोरींना घरात वही पसरायला जागा नाही, त्यांनी इथं यावं. चपला बाहेर, मोबाईल टोपलीत, आणि बोलायचं असेल तर जिन्यात. एवढे तीन नियम.

कर्जासोबत बँकेनं घराचा विमाही गळ्यात मारला होता. केसरबाईंना तो फुकटचा भुर्दंड वाटायचा. "घराला काय अपघात होणार हाय? ते काय रस्त्यावर पळतंय?" असं त्या म्हणायच्या. धम्मप्रिया काही न बोलता दरवर्षी पुण्याहून फोनवरूनच विमा पुढे चालू करायची.

आणि एप्रिलच्या शेवटी, एका संध्याकाळी, वळवाचा वारा सुटला. आधी धूळ आली, मग गल्लीतल्या सगळ्या दारांनी एकदम टाळ्या वाजवल्या. वर अभ्यासिकेत पाच-सहा पोरी होत्या. केसरबाईंनी खालूनच आवाज दिला, "पोरींनो, खाली या. पुस्तकं राहू द्या, आधी तुमी या." पोरी जिन्यातून खाली उतरतात न उतरतात तोच वर असा कर्रकन आवाज झाला की जणू कुणी आभाळ फाडलं. वारा पश्चिमेकडून आत शिरला आणि अर्धं छप्पर उचलून घेऊन गेला. एक पत्रा समोरच्या चन्नम्मांच्या शेवग्यात अडकला, पाच रस्त्यावर पडले, आणि एक कुठं गेला ते शेवटपर्यंत कळलं नाही. कुणाला खरचटलंसुद्धा नाही, हे नशीब. ऋतुजा नावाची पोरगी पोलीस भरतीची तयारी करत होती. वारा थांबल्याबरोबर तीच पहिली वर पळाली आणि भिजलेली पुस्तकं कवटाळून खाली आली.

दुसऱ्या दिवशीपासून पोरी केसरबाईंच्या स्वयंपाकघरात बसायला लागल्या. परीक्षा तोंडावर आल्या होत्या. ओट्याखाली एक, फ्रिजला टेकून दोन, दारात एक. केसरबाईंना फोडणी टाकायची असली की सगळ्यांना उठवावं लागायचं, आणि मोहरी तडतडली की पाठांतर चुकायचं.

"विमा कंपनीला कळवलंय मी," धम्मप्रिया फोनवर म्हणाली. "त्यांचा माणूस येऊन नुकसान बघेल. तोपर्यंत दुरुस्ती सुरू करू नको. फोटो काढून ठेव, वर ताडपत्री टाक. आणि आई, पत्रेवाला नीट बघून निवड. वादळ झालं की कितीतरी जण गोळा होतात."

"मला माणसं कळत्यात," केसरबाई म्हणाल्या.

गोळा व्हायला वेळ लागला नाहीच. त्याच दुपारी एक मोटारसायकल दारात थांबली. उतरलेला माणूस तिशी-पस्तिशीचा, इस्त्रीचा शर्ट, गळ्यात टेप अडकवलेला. तो आधी केसरबाईंच्या पाया पडला, मग त्यानं नाव सांगितलं: गुंडा.

"आई, तुमच्या घराची अवस्था रस्त्यावरनं बघितली आणि गाडी फुडं जाईना बघा," तो म्हणाला. तो वर जाऊन आला, हळहळला, पोरींना अभ्यासाबद्दल विचारलं, केसरबाईंनी पुढे केलेल्या पोह्यांना नावाजलं. नजर एकदम सरळ. पिशवीकडं नाही, खिडकीकडं नाही. केसरबाईंच्या मनात त्याला तिकीट देऊनही झालं.

"इन्शुरन्स हाय का?" त्यानं विचारलं. आहे म्हटल्यावर त्याचा चेहरा उजळला. "मग कशाला काळजी करताव? सगळं छप्पर नवं करू. राहिलेल्या पत्र्यांना दोन-दोन हातोडे मारतो, ते बी वादळातच वाकले म्हणून दाखवू. कंपनीचा माणूस मी बघतो. तुमच्या खिशाला तोशीस न्हाय. तुमी फकस्त ह्या कागदावर सही करा, वरचं मी भरून घेतो. चार दिवसांत पोरी वर बसतील."

कागद कोराच होता. पण केसरबाईंच्या कानात "चार दिवसांत" एवढंच घुमत होतं. स्वयंपाकघरात ऋतुजा पोळपाट बाजूला सारून कायद्याची कलमं पाठ करत होती. चन्नम्मांच्या न्हाणीघरावरचेही पत्रे गेले होते. त्यांनी तर कुंपणावरूनच "आमचं बी करून टाक की" असं सांगून टाकलं होतं. केसरबाई सही करायला चष्मा शोधू लागल्या. चष्मा काही मिळेना, म्हणून त्यांनी धम्मप्रियाला फोन लावून तिलाच कागदाबद्दल सांगितलं.

"कोऱ्या कागदावर?" पलीकडून मुलगी म्हणाली. "आई, तू आयुष्यात कधी कोरं तिकीट फाडलंस का? आणि चांगल्या पत्र्यांना हातोडा मारणारा माणूस घरात घ्यायचा? आधी त्यानं केलेलं काम बघून ये. फोटो नको, छप्पर बघ. आणि ज्याचं छप्पर आहे त्याच्याशी बोल."

केसरबाईंना मुलीचा जरा रागच आला. सोन्यासारख्या माणसावर संशय. पण कोऱ्या तिकिटाची गोष्ट मनाला लागली, आणि हातोड्याचं त्यांनाही मगाशीच थोडं खटकलं होतं, फक्त पोह्यांच्या कौतुकात ते खाली दबलं होतं. त्यांनी गुंडाला विचारलं, "तुझं एखादं काम दाखवतोस का?"

"एक का, ढीगभर," असं म्हणत त्यानं मोबाईलवर फोटो दाखवले. लालभडक पत्र्याचा एक मोठा गोठा त्यात उठून दिसत होता. "मोहोळच्या अलीकडं, हायवेला लागूनच. आदिनाथ म्हणून शेतकरी हाय. कुणालाबी विचारा." म्हातारी एवढ्या लांब कुठं जाते, असं त्याला वाटलं असणार. आयुष्यभर फाट्याफाट्यावर माणसं उतरवलेल्या बाईला त्यानं हायवेचा पत्ता दिला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी केसरबाई आणि चन्नम्मा एसटीत बसल्या. अर्धं तिकीट काढताना केसरबाईंनी कंडक्टर पोरीला मशीन कसं धरायचं ते सांगितलं, आणि त्या पोरीनं ते हसून ऐकून घेतलं. मोहोळच्या अलीकडच्या फाट्यावर उतरल्यावर लाल गोठा लांबूनच दिसला. अंगणात आदिनाथ म्हशींना वैरण टाकत होता. सोलापूरहून दोन बायका गोठा बघायला आल्या म्हटल्यावर त्याला आधी वाटलं, म्हैस विकत घ्यायला आल्या.

"गुंडा?" त्यानं डोकं खाजवलं. "हां, आलता एक जण. इस्त्रीचा शर्ट. म्हणला, गोठा झकास हाय, एक फोटो काढू का? आमी म्हणलं काढ की, फोटोला काय जातंय. चहा पिऊन गेला."

"काम त्यानं न्हाय केलं?" केसरबाईंचा आवाज पहिल्यांदाच खाली आला.

"छे. काम होटगीच्या तिप्पण्णाचं. परवाच्या वाऱ्यात आजूबाजूचे तीन गोठे उघडे पडले, आमचा एक स्क्रू हालला न्हाय." आदिनाथनं वर बोट दाखवलं. "आता माणूस कसा म्हणाल, तर तोंडाचा लई फटकळ. आमचं दोनदा भांडण झालं. मला जुनेच लोखंडी अँगल वापरायचे होते. तो म्हणला, वापरा की, गोठा तुमचा हाय, पण माझ्या हातनं न्हाय. हत्यारं भरून निघाला बी. मग मीच मागं गेलो."

"मग पैसे दिल्यावर फिरकला का परत?" चन्नम्मांनी विचारलं.

"तेच तर. वर्षानं आपणहून आला. न बोलवता. वर चढला, सगळे स्क्रू आवळले, मला दोन शिव्या घातल्या, गोठ्यावर वैरण का रचली म्हणून, आणि गेला."

परतीच्या गाडीत केसरबाई खिडकीबाहेर बघत बसल्या. चन्नम्मा मात्र तोंडाला पदर लावून हसत होत्या. "कंडक्टरबाई," त्या म्हणाल्या, "तुमी त्याला पास दिलता की हो."

"तुमी तर कुंपणावरनंच दिलता," केसरबाई म्हणाल्या. मग त्यांनाही हसू आलं आणि दोघी हसत हसत सोलापुरात उतरल्या.

होटगीला त्या त्याच दिवशी गेल्या. तिप्पण्णाचं वर्कशॉप म्हणजे स्टेशनच्या वाटेवरचं एक अर्धं उघडं शेड. आत एक पन्नाशीचा माणूस वेल्डिंग करत बसला होता. त्यानं तोंडावरची काच वर केली, कपाळाला आठ्या घालून आधी केसरबाईंच्या पिशवीकडं बघितलं, मग खिडकीकडं.  कंडक्टरकीच्या हिशेबानं हा तर नंबर एकचा बिनतिकिट्या.

"पिशवी मागं घ्या," तो म्हणाला. "ठिणगी उडंल. आणि त्या खिडकीपाशी हुभं राहा, धूर जातोय तिकडनं."

केसरबाई मुकाट्यानं खिडकीपाशी गेल्या.

"आज वेळ न्हाय, उद्या बी न्हाय," सगळं ऐकून तो म्हणाला. "वाऱ्यानं लई जणांचे पत्रे गेल्यात. ज्याचा नंबर आधी, त्याचं काम आधी."

चन्नम्मा कानडीत शिरल्या. अक्कलकोटकडचं त्यांचं माहेर, तिप्पण्णाही तिकडचाच निघाला. पण गावचं नातं सांगूनही नंबर काही पुढे सरकला नाही. "अक्का, गावचे म्हणून आधी केलं तर बाकीच्यांनी काय घोडं मारलंय?" तो म्हणाला. केसरबाईंनाही कानडी येत होती, रूटवरच शिकल्या होत्या. त्यांनी एवढंच विचारलं, "मग आमचा नंबर कधी?" त्यानं दिवस सांगितला, आणि वर म्हणाला, "त्याच्या आत कुणी भेटला तर करून घ्या. मला राग न्हाय."

केसरबाईंनी आपल्या डोळ्यांवर आता भरवसा ठेवायचा नाही असं ठरवलं होतं. त्यांनी तिप्पण्णाकडूनही एक जुनं काम विचारून घेतलं. त्यानं फोटो काढला नाही, मोबाईलला हातही लावला नाही. "मागच्या गल्लीत नागव्वाचं घर हाय," तो म्हणाला. "तिचं माझ्यावर लई प्रेम न्हाय. तिलाच विचारा."

नागव्वा म्हातारी बाजेवर बसून शेंगा फोडत होती. "बर्री, कुंद्री," म्हणत तिनं दोघींना बसायला सांगितलं आणि तिप्पण्णाचं नाव काढताच तक्रारींचा पाढा सुरू केला. सांगितलेल्या दिवसापेक्षा उशिरा आला, चहा बिनसाखरेचा दिला म्हणून परत केला, सुनेला ओरडला. केसरबाई ऐकत ऐकत वर बघत होत्या. पत्रे जुने होते, पण ओळीनं, एका रेषेत, आणि भिंतीवर ओलीचा एकही डाग नव्हता.

"गळतंय का?" त्यांनी मध्येच विचारलं.

नागव्वा थांबली. जणू हा प्रश्न तिला कुणी केलाच नव्हता. "न्हाय," ती म्हणाली. "गळायला काय झालंय?" आणि पुन्हा तक्रारींकडं वळली.

तिप्पण्णा सांगितलेल्या दिवशी आला, फक्त दुपारऐवजी संध्याकाळी. शिडी लावून वर चढला. छपराच्या कडेकडेनं फिरला, पत्र्यांवर पालथ्या मुठीनं टकटक करत, आधी छप्पर घालणाऱ्यानं हूक किती लांब लांब मारलेत म्हणून पुटपुटत. केसरबाई जिन्याच्या वरच्या पायरीवर उभ्या राहून बघत होत्या.

"सात पत्रे वाऱ्यानं गेल्यात," तो खाली उतरून म्हणाला. "पश्चिमेची बाजू वरनं उघडी हाय, वारा तितनं आत शिरतो. ती बंद करावी लागंल. आणि टाकीजवळचे तीन पत्रे बी बदला. पण ते वाऱ्याचे न्हाईत. टाकी भरून वाहते, त्या पाण्यानं गंजल्यात. ते मी वेगळे लिहिणार. कंपनीला दाखवायच्या कागदात सातच."

केसरबाईंचा चेहरा पडला. "दहाच्या दहा एकदम लिहिले तर? वरनं कोण बघायला येतंय?"

"तुमी बघताय की. मी बघतोय."

"अवो, पण पोरींसाठीच हाय ना. माझ्या घरासाठी थोडंच मागतेय."

 तिप्पण्णा टेप गुंडाळत राहिला. आणि केसरबाईंना आपलंच बोलणं ऐकू आलं. हे वाक्य त्यांनी गाडीत शेकडो वेळा ऐकलं होतं. ताई, पुढच्याच फाट्यावर उतरायचंय, कोण बघतंय. ताई, लेकरू आजारी आहे, माझ्यासाठी थोडंच. त्यांनी कधी आवाज न चढवता तिकीट फाडून हातात दिलं होतं, कधी स्वतःच्या खिशातून भरलं होतं, पण बिनतिकीट कुणाला नेलं नव्हतं. आज त्याच सीटवर त्या स्वतः बसल्या होत्या, आणि समोर उभा होता आठ्या घातलेला कंडक्टर.

"सातच लिहा," त्या म्हणाल्या. "तिनाचं माझं मी बघते."

तिप्पण्णानं मान हलवली, जणू काही झालंच नाही. जाताना त्यानं स्वतःजवळची ताडपत्री वर ताणून बांधली आणि सांगितलं, "वाकडे पत्रे भंगारवाल्याला देऊ नका. कंपनीचा माणूस येऊ दे, त्याला बघू दे. तो येऊन गेल्याबिगर मी हात लावणार न्हाय." दुसऱ्या दिवशी त्यानं अंदाजाचा कागद पाठवला. पत्रे कोणत्या जाडीचे, हूक किती अंतरावर, मजुरी वेगळी, गंजलेल्यांचं पान वेगळं. धम्मप्रियानं तो फोनवर वाचला आणि म्हणाली, "आई, हा माणूस कुठं सापडला?"

"म्हशींच्या गोठ्यात," केसरबाई म्हणाल्या.

ताडपत्री बघून गुंडा पुन्हा आला. शर्ट तसाच कडक, हसू तसंच गोड. "आई, दुसरीकडं काम दिलंसा वाटतं? आमचा गोठा बघितला न्हाय का?"

"बघितला की. म्हशी बी तुला ओळखत न्हाईत."

गुंडानं क्षणभर जमिनीकडं बघितलं. मग तो स्वतःच हसायला लागला. "धंदा हाय, आई. चार जागी गळ टाकला की एका जागी लागतो."

"तो कोरा कागद चार जणांपुढं टाकतोस, त्यांतला एक चन्नम्मासारखा असतो. तिनं न्हाय म्हणून सांगितलंय, तिकडं जाऊ नको." केसरबाईंनी आत वळून आधण ठेवलं. "चहा पिऊन जा. सही तेवढी मागू नको."

तो खरंच चहा पिऊन गेला, आणि त्यानंतर त्या गल्लीत त्याची मोटारसायकल कुणाला दिसली नाही.

विमा कंपनीचा सर्व्हेअर आला तो एक सडपातळ, घामाघूम तरुण. शिडी बघूनच तो दोन पावलं मागं सरला. केसरबाईंनी खालून शिडी धरली आणि गाडीत म्हाताऱ्यांना चढवायच्या तशा आवाजात सांगितलं, "सावकाश. गाडी हलत न्हाय, मी हाय." वर जाऊन त्यानं फोटो काढले, वाकडे पत्रे मोजले, मग टाकीकडं बोट दाखवलं. "हे तीनही वादळातलेच का?"

"न्हाय. ते टाकीच्या पाण्यानं गेल्यात. वाऱ्याचा त्यात दोष न्हाय."

त्यानं लिहून घेतलं. तिप्पण्णाच्या कागदावरून दोनदा बोट फिरवलं. खाली उतरून पाणी प्याला आणि जरा घुटमळला. "आजी, या पत्रेवाल्याचा नंबर मिळेल का?" तो म्हणाला. "बार्शीला माझ्या सासऱ्यांचं शेड उडालंय. रोज फोन येतोय."

"देते. पण सासऱ्यांना सांगून ठेवा, चहात साखर घाला म्हणावं."

काम सुरू झालं त्या दिवशी पोरींनी स्वयंपाकघरातूनच आनंद साजरा केला. तिप्पण्णा आणि त्याचे दोन कारागीर सकाळपासून वर होते. पश्चिमेची उघडी बाजू पहिल्यांदा बंद झाली. पत्रे एकावर एक नीट चढले, स्क्रूखाली रबरी वायसर बसले. संध्याकाळपर्यंत फक्त माथ्यावरचा कोणा, म्हणजे दोन्ही उतार मिळतात तिथली वरची पट्टी, बसवायची राहिली. आणि तिथं तिप्पण्णानं पट्टी दोनदा लावून बघितली. मग वरून त्याचा आवाज आला, तो कारागिरांना नव्हे, स्वतःलाच बोलत होता.

"काय झालं?" केसरबाईंनी विचारलं.

तो खाली आला. तोंड आणखीनच कडू. "माप माझं चुकलं. वीतभर कमी पडतोय. पोरांची चूक न्हाय, मीच टेप धरला होता."

"मग जोड द्या की एक तुकडा. पोरींना उद्या वर बसायचंय."

"जोडातनं गळंल. आज न्हाय, दोन वर्षांनी गळंल. तवा तुमी मला शिव्या घालाल, आणि बरोबर घालाल." त्यानं हत्यारं पिशवीत भरली. "उद्या पूर्ण लांबीचा आणतो. तो माझ्या खर्चात. तुमच्या कागदात काय बदल न्हाय."

केसरबाईंना पुन्हा एक दिवस स्वयंपाकघर पोरींनी भरलेलं दिसलं आणि त्या चांगल्याच वैतागल्या. पण रात्री जेवताना त्यांनी धम्मप्रियाला फोन करून जे सांगितलं, त्यात वैताग नव्हता. "चुकला म्हणून सांगायला आपणहून खाली उतरला बघ," त्या म्हणाल्या. "मला वरचं कुठं दिसणार होतं? जोड मारून गेला असता तर मला कळलं बी नसतं."

"म्हणजे आता माणसं कळायला लागली तुला," मुलगी म्हणाली.

"तोंडावरनं न्हाय," केसरबाई म्हणाल्या. "छपरावरनं कळत्यात."

दुसऱ्या दिवशी कोणा बसला. पोरी टेबलं-खुर्च्या वर चढवू लागल्या, ऋतुजानं खिडकीपाशी आपली जागा पकडली. चन्नम्मांच्या न्हाणीघराचंही काम तिप्पण्णानं जाता जाता उरकलं आणि शेवगा इतका वाढू दिल्याबद्दल त्यांना झापलं. विमा कंपनीनं थोडी फेऱ्यांची कसरत करायला लावली, पण सात पत्र्यांचे आणि मजुरीचे पैसे मंजूर झाले. गंजलेल्या तिनांसाठी केसरबाईंनी पदरचे पैसे घातले, आणि टाकीला आपोआप बंद होणारा कॉकही बसवून घेतला.

पावसाळा सरता सरता एका सकाळी जिन्यावर जड पावलं वाजली. तिप्पण्णा न बोलवता आला होता. तो सरळ वर गेला, सगळे स्क्रू तपासून आला, टाकीचा कॉक बघून काही बोलला नाही, म्हणजे कौतुकच केलं. केसरबाईंनी साखर घातलेला चहा पुढे केला. चहा संपला तरी तो उठेना. दाराच्या चौकटीला बोटानं ठोके देत बसला.

"लेक हाय," शेवटी तो म्हणाला. "आरोही. बारावीला. वर्कशॉप घराला लागून हाय, दिवसभर ठणाठणा चालतंय. तिला... हितं जागा हाय का?"

केसरबाईंनी चष्मा वर सरकवला. "होटगीहून येणं-जाणं जमंल?"

"मी सोडतो. मी नेतो."

"नियम तीन हायेत. चपला बाहेर, मोबाईल टोपलीत, बोलायचं जिन्यात. आणि आणायला आलात तर जिन्याखालनं हाक मारायची न्हाय. तुमचा आवाज लई मोठा हाय, पोरींचं ध्यान जातं."

तिप्पण्णानं कपाळाला नेहमीच्या आठ्या घातल्या. मग मान हलवली आणि पुढच्या सोमवारी मुलीला घेऊन आला. आरोही वर गेली. तो मात्र खाली फाटकापाशी बराच वेळ उभा राहिला, वर खिडकीत लेकीचं डोकं दिसतंय का बघत, एक शब्दही न बोलता.